जॉबचा नंबर कधी लागतो?

घरच्या लॅपटॉपवर आज्ञा टाइप करून एंटर दाबलं की काम सुरू होतं. पुण्यात पाषाणला, आयसरच्या परम ब्रह्म या महासंगणकावर तेच केलं की हाती फक्त एक क्रमांक येतो. काम सुरू झालेलं नसतं. ते दोन मिनिटांनी सुरू होईल, मध्यरात्री होईल, नाहीतर परवा. पहिल्यांदाच जॉब टाकलेला विद्यार्थी मग दर पाच मिनिटांनी यादी काढून बघत बसतो. नावापुढे 'पीडी' ही दोन अक्षरं, म्हणजे पेंडिंग. तासाभराने त्याच्या लक्षात येतं की आपल्या मागून आलेल्या कुणाचा तरी जॉब लागलासुद्धा. पीएचडीवाल्यांच्या खोलीत वशिल्याची कुजबुज इथून सुरू होते.

वशिला सहसा नसतो. पण आधी येईल त्याला आधी, असाही कारभार नसतो. महासंगणकातले हजारो कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग, कुणाला, कधी आणि किती वेळ द्यायचे हे शेड्यूलर नावाचा एक प्रोग्रॅम ठरवतो. त्याला तुमचं संशोधन कळत नाही, तुमचा कोड तो वाचत नाही. तुम्ही अर्जात जे मागितलं असेल तेवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे नंबर कधी लागणार याचा निम्मा निकाल मागणी लिहितानाच लागून गेलेला असतो. क्लस्टर वापरणाऱ्यांना हे उशिरा कळतं, कारण प्रशिक्षणात आज्ञा शिकवतात. मागायचं कसं, ते ज्याचं त्याने शिकायचं.

महासंगणक म्हटलं की एकच अवाढव्य यंत्र डोळ्यांपुढे येतं. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे ४८६ जातीचे १६ संगणक इथरनेटने जोडून 'बेओवुल्फ' उभं केलं, आणि स्वस्त संगणकांचा ताफा महागड्या यंत्राचं काम करू शकतो हे दाखवून दिलं. आजचे बहुतेक महासंगणक त्याच वळणाचे आहेत: कपाटांत रचलेले शेकडो सर्व्हर आणि त्यांना जोडणारं अतिवेगवान नेटवर्क. अशा ताफ्याला क्लस्टर म्हणतात, आणि त्यातला एक सर्व्हर म्हणजे एक नोड. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनने देशभर जी परम यंत्रं बसवली, त्यांतल्या अनेकांवर एका साध्या नोडमध्ये २४ कोअरचे दोन प्रोसेसर, म्हणजे एकूण ४८ कोअर, आणि १९२ जीबी मेमरी असते. हे दोन आकडे लक्षात असू द्यावेत. पुढचा बराचसा हिशेब त्यांवर चालतो.

एक यंत्र आणि अनेक गिऱ्हाइकं हा पेच क्लस्टरपेक्षा बराच जुना. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रोग्रॅम म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा. गठ्ठा खिडकीवर द्यायचा, ऑपरेटर तो यंत्राला भरवणार, आणि निकाल छापील कागदावर परत येणार. एखादं कार्ड चुकीचं पंच झालं असेल तर तेही तेव्हाच कळणार. पुढे खिडकीमागच्या ऑपरेटरची जागा सॉफ्टवेअरने घेतली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या एम्स केंद्रात पीबीएस तयार झालं, २००२ च्या सुमाराला अमेरिकेतल्याच लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत स्लर्म. आद्याक्षरं जुळवून केलेलं हे नाव 'फ्युचुरामा' या कार्टून मालिकेतल्या एका शीतपेयाचंही आहे, आणि तो योगायोग नाही. आज जगातल्या अनेक मोठमोठ्या क्लस्टरवर स्लर्म दिसतं, आपल्या परम यंत्रांवरही. म्हणून इथून पुढची उदाहरणं त्याचीच.

क्लस्टरवर लॉगिन केल्यावर आपण ज्या यंत्रावर उतरतो तो लॉगिन नोड. तिथे फाइली आणायच्या, कोड कंपाइल करायचा, स्क्रिप्ट लिहायची, बस. नवखा माणूस मात्र प्रोग्रॅम तिथेच चालू करतो. मग त्याच नोडवर आलेल्या बाकीच्यांना आपण टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायचीही वाट पाहावी लागते, आणि थोड्या वेळाने सिस्टिम अ‍ॅडमिनचा खरमरीत ईमेल येतो. खरं काम कम्प्यूट नोडवर करायचं, आणि तिथे शिरायचं ते स्लर्ममार्फत. त्यासाठी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहितात. तिच्या डोक्यावर पाच-सात ओळी स्लर्मसाठी: किती नोड, किती कोअर, किती मेमरी, किती वेळ, कुठलं पार्टिशन (म्हणजे नोडांचा कुठला गट), जीपीयू हवा का. त्याखाली प्रत्यक्ष काम. ही फाइल 'एसबॅच' या आज्ञेच्या हवाली केली की जॉब आयडी मिळतो.

या ओळींची एक खोड आहे. शेलच्या दृष्टीने त्या निव्वळ टिपणी असतात; हॅशने सुरू होतात, म्हणून शेल त्यांच्याकडे बघतही नाही. स्लर्म त्या वाचतं, पण स्क्रिप्टमधली पहिली खरी आज्ञा येईपर्यंतच. त्यानंतर कुठे 'मला ६४ जीबी मेमरी द्या' असं लिहिलं असेल तर ते कुणीच वाचत नाही. चूक झाली असंही कुणी सांगत नाही. जॉब ठरावीक किमान मेमरीवर चालू होतो आणि मध्येच मरतो. 'मी तर मागितली होती' असं म्हणत दोन दिवस घालवणारे दरवर्षीच्या नव्या तुकडीत भेटतात.

आता मागणीचे आकडे. सगळ्यात आधी कोअर. एक सार्वत्रिक समज असा की जास्त कोअर मागितले की प्रोग्रॅम आपोआप वेगाने धावतो. साधा पायथनचा प्रोग्रॅम एका कोअरवर चालतो, त्याला ४८ दिले तरी तो एकाच कोअरवर चालणार. उरलेले ४७ तुमच्या नावावर अडकून रिकामे बसतात. जॉब संपल्यावर किती कोअर खरोखर राबले याचा अहवाल काढता येतो. त्यात कार्यक्षमता दोन टक्के दिसली तर समजावं की ४८ पैकी एकच राबला. हा दोन टक्क्यांचा आकडा अ‍ॅडमिन मंडळींच्या चांगलाच ओळखीचा असतो.

प्रोग्रॅम समांतर चालण्यासाठीच लिहिलेला असला तरी मागणीचे दोन प्रकार निराळे ठेवावे लागतात. एमपीआय वापरणारा प्रोग्रॅम अनेक स्वतंत्र प्रक्रिया उभ्या करतो. त्या वेगवेगळ्या नोडवर पसरू शकतात आणि नेटवर्कवरून एकमेकींशी बोलतात. ओपनएमपीवाला प्रोग्रॅम एकाच प्रक्रियेत अनेक थ्रेड चालवतो, आणि ते सगळे एकाच नोडवर हवेत, कारण त्यांची मेमरी सामायिक असते. स्लर्ममध्ये पहिल्यासाठी 'टास्क' किती ते सांगायचं, दुसऱ्यासाठी दर टास्कला किती कोअर ते. ओपनएमपीच्या माणसाने ४८ टास्क मागितले तर स्लर्म ते चार नोडवर बारा-बारा असेही देऊ शकतं, आणि याचा प्रोग्रॅम त्यांतल्या एकाच नोडवर सापडेल तेवढ्या बारा कोअरवर दाटीवाटीने चालतो. बाकीचे छत्तीस हिशेबात लागतात, कामाला लागत नाहीत.

आणि सगळं बरोबर मागितलं तरी कोअर दुप्पट केल्याने वेळ निम्मा होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेलं गणित इथे आडवं येतं. समजा प्रोग्रॅमचा पाच टक्के भाग असा आहे की जो एकापाठोपाठ एक असाच करावा लागतो: फाइल वाचणं, शेवटी बेरीज करणं, वगैरे. मग ४८ कोअरवर वेग ४८ पट होत नाही, साधारण १४.३ पट होतो. दुसरा नोड घेऊन ९६ कोअर केले तर १६.७ पट. म्हणजे ४८ कोअरचा आख्खा नोड जोडून मिळाला जेमतेम सहावा हिस्सा जास्त वेग, आणि दोन नोड एकाच वेळी रिकामे व्हायची वाट पाहण्यात गेलेला वेळ वेगळाच. कोअर अगणित दिले तरी या प्रोग्रॅमची धाव वीस पटींच्या पलीकडे जाणारच नाही. म्हणून जाणती मंडळी मोठा रन टाकण्यापूर्वी तेच काम छोट्या प्रमाणावर १२, २४, ४८ कोअरवर चालवून वेळ मोजतात. अर्ध्या दिवसाचं काम, पण पुढचे सहा महिने पुरतं.

मेमरीची गोष्ट वेगळी. कोअर कमी पडले तर काम हळू होतं. मेमरी कमी पडली तर काम मरतं. लिनक्सच्या सीग्रुप या सोयीने स्लर्म प्रत्येक जॉबभोवती कुंपण घालतं, आणि कुंपणाबाहेर मेमरीसाठी हात गेला की कर्नल प्रोग्रॅमला तिथल्या तिथे ठार करतं. त्यामुळे लोक घाबरून भरमसाट मागतात. आता वरचे दोन आकडे आठवा. १९२ जीबी आणि ४८ कोअर, म्हणजे कोअरमागे चार जीबी. कुणी एका कोअरसोबत १८० जीबी मागितले, तर त्या नोडवरचे ४७ कोअर रिकामे असूनही फारसे कुणाच्या उपयोगाचे राहत नाहीत, कारण त्यांच्या वाट्याची मेमरी संपली. म्हणून काही क्लस्टरवर अशा जॉबच्या नावे एका कोअरचा नव्हे, जवळजवळ आख्ख्या नोडचा वापर मांडतात. ते रास्तच आहे. शिवाय पूर्ण १९२ जीबी मागणाऱ्याची वेगळीच फजिती होते: नोडवरची थोडी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राखलेली असल्याने १९२ जीबी मोकळे असलेला साधा नोड कधीच नसतो, आणि मागणी दारातूनच परत येते.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत किमती आकडा वेळेचा. जॉबला किती तास लागतील ते आधीच सांगावं लागतं. ती मुदत संपली की स्लर्म प्रोग्रॅमला थांबण्याचा इशारा देतं आणि, अ‍ॅडमिनने काही बदललं नसेल तर, तीस सेकंदांनी सक्तीने मारतं. सत्तर तास चाललेलं गणित शेवटच्या तासात उडालं की माणूस जन्मभर धडा घेतो, पण बहुधा चुकीचा: तो इथून पुढे पार्टिशनची कमाल मुदतच लिहायला लागतो. तीन तासांचं काम असो की तीस, अर्जात बहात्तर.

याची किंमत कळायला शेड्यूलर रिकाम्या जागा कशा भरतो ते पाहावं लागेल. मंगल कार्यालयाचा मोठा हॉल गुरुवारी लग्नासाठी ठरलेला असला तरी मालक बुधवारी दुपारी त्यात कुणाचा साखरपुडा होऊ देतो, पाहुणे वेळेत हॉल सोडणार असतील तर. स्लर्मही हेच करतं. त्याला बॅकफिल म्हणतात. एक आटोपशीर उदाहरण घेऊ. क्लस्टर दहा नोडचं. 'क' हा जॉब सहा नोडवर चालू आहे, त्याचे पाच तास उरलेत. चार नोड मोकळे. रांगेत पहिला 'ख', त्याला आठ नोड हवेत. तो पाच तास लागूच शकत नाही. कडक रांग लावली तर ते चार नोड पाच तास नुसते वीज खात बसतील. म्हणून शेड्यूलर 'ख'साठी पाच तासांनंतरची वेळ पक्की करतो, आणि मग मागे उभ्या असलेल्यांकडे वळतो.

मागे 'ग' आहे: तीन नोड, चार तास. 'ख'च्या वेळेआधी संपतो, म्हणून लगेच आत. त्याच्याऐवजी तिथे 'घ' असता, तीन नोड आणि चोवीस तास मागणारा, तर? तो पाच तासांनंतरही तीन नोड अडवून बसणार, 'ख'ला आठऐवजी सातच उरणार. म्हणून 'घ' बाहेर. आता गंमत बघा. याच 'घ'ने तीनऐवजी दोन नोड मागितले असते, तर चोवीस तासांसाठीही त्याला आत घेतलं असतं, कारण दहातून दोन गेले तरी 'ख'चे आठ सुरक्षित राहतात. आणि 'घ'चं खरं काम तीनच तासांचं असेल, चोवीस त्याने भीतीपोटी लिहिले असतील, तर तो समोर मोकळे नोड दिसत असताना ताटकळतो आहे तो स्वतःच्याच हस्ताक्षरातल्या आकड्यामुळे. सुरुवातीच्या त्या विद्यार्थ्याला ज्याच्या वशिल्याचा संशय आला होता तो माणूस बहुतेक वेळा 'ग' असतो.

ही युक्ती १९९५ साली अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी आयबीएमच्या एसपी यंत्रासाठी लिहिलेल्या 'ईझी' या शेड्यूलरमधून प्रसिद्ध झाली. ईझी फक्त रांगेतल्या पहिल्या जॉबची वेळ राखत असे. त्यामागच्यांना उशीर झाला तर झाला. काही शेड्यूलर अनेक जॉबची वेळ राखतात, मग कुणावर अन्याय होत नाही पण भरायला फटीही कमी उरतात. स्लर्मचा बॅकफिल साधारण दर तीस सेकंदांनी हा आराखडा नव्याने मांडतो. म्हणूनच 'तुमचा जॉब अमुक वाजता लागेल' असा जो अंदाज तो देतो तो सकाळी एक आणि दुपारी दुसराच असतो. एखाद्याचा बहात्तर तासांचा जॉब सहा तासांत संपला, की सगळ्यांच्या वेळा पुढे सरकतात. चांगल्या अर्थाने.

इथे एक विरोधाभास आहे आणि तो लपवणं बरं नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले ड्रोर फाइटेलसन अनेक वर्षं खऱ्या क्लस्टरच्या नोंदी जमवून त्यांचा अभ्यास करत आले आहेत. अहुवा मुआलेम यांच्यासोबत २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांना असं आढळलं की सगळ्यांनीच वेळ फुगवून सांगितली तर एकंदर कारभार बिघडतोच असं नाही, कधीकधी सुधारतो. कारण फुगवलेले जॉब लवकर संपतात, अनपेक्षित मोठ्या फटी पडतात, आणि छोटे जॉब त्यांत भराभर शिरतात. हे वाचून 'मग मी तरी खरं का सांगू?' असा प्रश्न पडेल. उत्तर असं की फायदा एकूण सरासरीला होतो, तुम्हाला होईलच असं नाही. बाकीचे फुगवतच राहणार. त्या गर्दीत ज्याने चार तासांचं काम पाच म्हणून सांगितलं, त्याला त्या फटी सगळ्यांच्या आधी मिळतात. अंदाजावर वीस-पंचवीस टक्के जास्त मागावं. दसपट नको.

मग सत्तर तासांच्या खऱ्या मोठ्या कामाचं काय? ते तोडायचं. रेणूंच्या हालचालींचं गणित करणारा ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो. दुसरं काही सांगितलं नाही तरी. हवामानाच्या मॉडेलांतही अशा रीस्टार्ट फाइली असतात. सत्तर तासांच्या एका जॉबऐवजी बारा तासांचे सहा टाकावेत, प्रत्येकाला 'मागचा नीट संपल्यावरच सुरू हो' अशी अट घालावी. प्रत्येक तुकडा फटीत बसण्याजोगा होतो, आणि वीज गेली तरी पंधरा मिनिटांचंच नुकसान. स्वतःच कोड लिहिणाऱ्यांनी ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी; निकाल शेवटी एकदाच लिहिणारा प्रोग्रॅम क्लस्टरच्या लायकीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एकमेकांशी संबंध नसलेली पाचशे कामं असतील, म्हणजे नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांच्या पाचशे फाइली चाळायच्या असतील, तर जॉब अ‍ॅरे वापरतात. एकच स्क्रिप्ट, पाचशे क्रमांक, 'एका वेळी वीसच चालव' असा लगामही घालता येतो. उलट टोकही वाईटच. पाच-पाच सेकंदांचे दहा हजार जॉब टाकले तर काम कमी आणि शेड्यूलरची कारकुनीच जास्त होते. असे चुटके एकत्र बांधून तासाभराचा एक गठ्ठा करावा.

आतापर्यंत आपण 'ख' रांगेत पहिला आहे असं धरून चाललो. पण त्याला पहिला केलं कुणी? प्रत्येक जॉबला एक गुणांक मिळतो, आणि त्यात अनेक गोष्टींची भारित बेरीज असते: किती काळ ताटकळला, किती मोठा आहे, कुठल्या वर्गाचा आहे, आणि मुख्य म्हणजे टाकणाऱ्याने अलीकडे किती वापर केला. या शेवटच्याला फेअरशेअर म्हणतात. कल्पना सिडनी विद्यापीठातली. ज्युडी के आणि पियर्स लॉडर यांनी ती १९८८ साली मांडली. सामायिक यंत्र वापरताना न्याय प्रोग्रॅमला नव्हे, माणसाला मिळाला पाहिजे, नाहीतर जो जास्त प्रोग्रॅम उघडेल तो जास्त लाटेल, असा त्यांचा मुद्दा. स्लर्मच्या मूळ सूत्रात ज्याने काहीच वापरलं नाही त्याला गुण १, ज्याने हिश्श्याइतकंच वापरलं त्याला ०.५, ज्याने दुप्पट ओढलं त्याला ०.२५. जुना वापर हळूहळू विसरला जातो. अ‍ॅडमिनने आकडा बदलला नसेल तर दर सात दिवसांनी त्याचं वजन निम्मं होतं. म्हणजे मागच्या महिन्यातली हावरट मागणी चार आठवड्यांत सोळाव्या हिश्श्यावर येते. बँकेपेक्षा हे खातं बरंच क्षमाशील.

एक खोच आहे. हिस्सा बहुतेकदा प्रयोगशाळेला किंवा गाइडच्या खात्याला दिलेला असतो. त्यामुळे महिनाभर एकही जॉब न टाकलेल्या मुलीचा गुणही खाली गेलेला असू शकतो, कारण शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने थीसिस संपवायच्या घाईत दोन आठवडे क्लस्टर पिळून काढलेलं असतं. तिची तक्रार शेड्यूलरकडे नेण्यात अर्थ नाही. ती लॅबच्या साप्ताहिक बैठकीत मांडण्यासारखी आहे.

तेव्हा पेंडिंग दिसल्यावर हताश होण्याआधी शेजारच्या रकान्यातलं कारण वाचावं. 'प्रायॉरिटी' म्हणजे गुणांकाने पुढे असलेले अजून आहेत. 'रिसोर्सेस' म्हणजे तुमची पाळी आली आहे, नोड रिकामे व्हायचे आहेत. ही चांगली बातमी. पार्टिशनच्या मुदतीचं कारण दिसत असेल तर कमाल मर्यादेपेक्षा जास्त वेळ मागितलाय आणि जन्मभर थांबलात तरी नंबर लागणार नाही. सर्वांत चकवणारं कारण देखभालीचं. बुधवारी सकाळी यंत्र बंद ठेवायचं म्हणून अ‍ॅडमिनने सगळे नोड तेव्हापासून राखून ठेवलेले असतात. सोमवारी कुणी बहात्तर तासांचा जॉब टाकतो आणि निम्मं क्लस्टर मोकळं असूनही तो हलत नाही. स्लर्मचं म्हणणं सरळ आहे: तू बुधवारच्या आत संपणार नाहीस, म्हणून तुला सोडत नाही. मागणी तीस तासांची केली की तोच जॉब मिनिटभरात लागतो.

सगळ्याच कामांना या रांगेत उभं करता येत नाही, हेही खरं. पाषाणलाच, आयसरपासून जवळ, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली चार पेटाफ्लॉपचा प्रत्युष आला, आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा अर्क. मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम देशाच्या हवामानाचा अंदाज १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या जाळीवर काढते. जाळी निम्मी केली की बिंदू चौपट होतात, आणि काळाची पावलंही निम्म्या लांबीची घ्यावी लागतात. ढोबळ हिशेबाने काम आठपट. प्रत्युषवर अंदाजाला दहा तासांपर्यंत लागत, अर्कवर चार. इतक्या कामाला फटीत बसवणं शक्य नाही, आणि फट मिळेपर्यंत पाऊस थांबत नाही. अशा कामांसाठी शेड्यूलरमध्ये नोड ठरावीक वेळी राखून ठेवण्याची सोय असते, आणि गरज पडली तर चालू जॉब बाजूला सारून जागा करण्याचीही. संशोधनाचे जॉब मग उरलेल्या जागेत. इथे वशिला आहे, उघड आहे, आणि असायलाच हवा.

राहता राहिलं वेळ चुकल्याचं कळतं तेव्हा काय करायचं ते. आपला जॉब रांगेत असताना त्याची मुदत कमी करायची परवानगी स्लर्म प्रत्येकाला देतं. चोवीसचे सहा करा, क्षणात होतं, आणि पुढच्याच फेरीला बॅकफिल त्याचा नव्याने विचार करतो. वाढवायची परवानगी मात्र देत नाही, नाहीतर सगळेच पाच तास सांगून आत शिरतील आणि मग पन्नास करतील. चालू जॉबची मुदत फक्त अ‍ॅडमिन वाढवू शकतो. त्यासाठी जॉब आयडी आणि किती तास हवेत ते लिहून ईमेल करायचा, शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आधी.